पडद्यामागं भाकरी गार येते

हॉटेलात शिरलं की अक्का आधी बेसिन बघायच्या. मेन्यूकार्ड नाही, गल्ल्यावरचा देव नाही, आधी बेसिन. साबणाची वडी आहे का, नळाला पाणी आहे का, कुणी खरकटं तसंच टाकून गेलंय का, हे सगळं वाकून बघायच्या आणि मग माझ्याकडं बघून मान हलवायच्या. मान उभी हलली तर आम्ही जेवणार, आडवी हलली तर पुढचं हॉटेल येईपर्यंत मी उपाशी. माझ्या पोटात कावळे ओरडत असले तरी अक्कांना त्याचं काही नसायचं.

"बेसिन असलं ठेवणारा माणूस आत पातेलं कसं घासत असंल, सांग मला."

मला फक्त भूक लागलेली असायची.

मी सहकार खात्यात लागले तेव्हा साहेबांनी मला अक्कांच्या हाताखाली दिलं. गावोगावच्या दूध संस्था आणि विकास सोसायट्यांचे हिशेब तपासणं हे आमचं काम. त्यामुळं आठवड्यातले चार दिवस तरी एसटीत जायचे आणि दुपारचं जेवण कुठल्या तरी रस्त्यावर. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. माहेर निपाणीच्या पलीकडचं, सासर गडहिंग्लजचं, घर राजारामपुरीत. लिंगायत असल्यामुळं शाकाहार कडक, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि तीही अशी खणखणीत की सोसायटीच्या ऑफिसात त्या बोलायला लागल्या की डेअरीवरच्या म्हशी माना वळवून बघायच्या. आमच्या भागातल्या बऱ्याच बायकांसारखं त्याही 'मी येतो, मी जातो' असंच बोलत. मला पहिल्या दिवसापासून 'तंगी' म्हणाल्या. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

आता सोसायटीच्या तपासणीला माणूस आला की त्याला जेवू घालायची आमच्याकडं रीतच आहे. माझ्या पहिल्याच दौऱ्यात दुपारी दीड वाजता चेअरमननं दार उघडलं आणि आतून तांबड्या रश्श्याचा असा वास आला की माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मी शेतकऱ्याच्या घरातली पोरगी, मटणाला नाही म्हणायचं मला कुणी शिकवलेलं नाही. पण अक्कांनी पेनाला टोपण लावलं आणि उठल्या.

"आमी भायेर जेवतो."

"अक्का, गावात हाटेल कुठलं? एक च्याची टपरी हाय फकस्त."

"मग भजी खातो."

आणि आम्ही खरंच भजी खाल्ली. वाटेत मी तोंड पाडून चालत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवलं की पेन जड हुतं, तंगी. मग चूक लिवायला ते उचलतच न्हाय." डबा का आणत नाही म्हणून विचारलं तर त्याचाही हिशेब तयार होता. डबा आणला की त्यांच्याच टेबलावर बसावं लागतं. बसलं की ते ताक आणतात, मग पापड येतो, मग चेअरमन येऊन शेजारी बसतो, आणि ताकाच्या मागून मटण यायला वेळ लागत नाही. म्हणून हॉटेल.

इथवर सगळं ठीक होतं. खरी गंमत हॉटेलात सुरू व्हायची. आमच्याकडच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत समोर मोठा हॉल असतो, तो सगळ्यांचा. म्हणजे पुरुषांचा. आणि मागं किंवा माडीवर एक फॅमिली रूम असते. तिला प्लायवूडची भिंत, मळका पडदा, बंद पडलेला पंखा. बाई दिसली की वेटर हात लांब करून तिकडं दाखवतो. बाई एकटी असो, दोघी असोत, फॅमिली असो नसो, तिनं पडद्यामागं जायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. उलट मोठा मान दिल्यासारखं वाटायचं.

अक्कांना मात्र ते दाखवणं सहन व्हायचं नाही. "फॅमिली रूम वर हाय, म्याडम," असं वेटरनं म्हटलं रे म्हटलं की त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहून इकडं तिकडं बघायच्या. "फॅमिली? कुठं हाय माझी फॅमिली? मालक घरात हायत, पोरगा पुण्यात हाय. मी एकटा पोटाला आलोय."

त्यांचा मुद्दा भाषणातला नव्हता, ताटातला होता. पडद्यामागं बसलेल्या माणसाला वेटर विसरतो. पाणी दोनदा मागावं लागतं, कांदा संपला तर संपला, आणि समोरच्या हॉलला वाढून उरेल ते मागं येतं. "पडद्यामागं भाकरी गार येती," एवढंच त्या म्हणायच्या. मी नंतर मुद्दाम हात लावून बघितलं. खरंच गार यायची.

बहुतेक ठिकाणी त्यांच्या आवाजापुढं वेटर हार मानायचा. आम्ही समोर बसायचो. अक्का पिठलं नाहीतर आख्खा मसूर घ्यायच्या, मी मटणाचं ताट. माझ्या ताटाकडं त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. "तुझं तू खा, माझं मी खातो. हाडं फकस्त माझ्याकडं उडवू नकोस." जेवताना फोन पालथा ठेवायचा, बोलायचं नाही, आणि ताटात एक शीत टाकायचं नाही. एखादी चटणी जमली असली तर गल्ल्यावर जाऊन मोठ्यानं सांगायचं, आणि बिघडली असली तर त्याहून मोठ्यानं.

घरी असतानाही त्यांचा हाच खाक्या. रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका गल्लीत त्या मिसळ खायला जायच्या. यजमान बरोबर असायचे. अत्यंत शांत माणूस, घाम पुसत मिसळ खायचे आणि अक्का काय बोलतील याला आधीच मान डोलवायचे. कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, दोनदा मागवल्याशिवाय अक्का उठत नसत. त्या दुकानात बाकावर सगळे पुरुष, पेपर वाचणारे, क्लासला निघालेली पोरं. बायका यायच्या त्या दारात उभ्या राहून पार्सल घेऊन जायच्या.

त्यांच्या शेजारच्या एक काकू अशाच. वर्षानुवर्षं त्याच दुकानाची मिसळ खाल्लेली, पण पिशवीतून घरी आणून. अक्का एकदा त्यांना म्हणाल्या, "पार्सल म्हंजे पडदाच की ओ. चला, आज भट्टीजवळचं खाऊ." काकू पदर डोक्यावर ओढून, बाकाच्या टोकाला, पळून जाता येईल अशा बेतानं बसल्या. पहिला घास घेतला. मग दुसरा. थोड्या वेळानं पदर खांद्यावर आला होता आणि काकू वेटरला हाक मारत होत्या, "ए दादा, कट आण की जरा!" अक्का यजमानांकडं बघून हसल्या. त्यांनी मान डोलवली.

एकदा त्यांच्या भाचीच्या लग्नाला मी हुबळीला गेले होते. तिथं त्यांनी मला मुद्दाम वाकडी वाट करून एका खानावळीत नेलं. गल्ल्यावर बाई, वाढायला बाया, चुलीवर बाया, आणि हॉलमधे पुरुष खाली मान घालून कडक भाकरी आणि भरली वांगी खात होते. अक्का मालकिणीशी कन्नडमधे इतका वेळ बोलल्या की माझी वांगी संपली. परत निघताना म्हणाल्या, "बघितलंस? हितं कोण कुणाला आत जा म्हणत न्हाय. आमच्या कोल्हापुरानं कुस्ती शिकवली, रस्सा शिकवला. एवढं एक शिकायचं ऱ्हायलंय."

हे सगळं त्या एवढं मनाला का लावून घेतात, हे मला त्या परतीच्या प्रवासात कळलं. मी विचारलं नव्हतं. त्याच सांगायला लागल्या, खिडकीकडं बघत.

त्यांचे वडील आजारी होते आणि त्यांना गावाहून कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात आणलं होतं. बरोबर फक्त आई. अक्का तेव्हा शाळेत होत्या, गावीच होत्या. दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडं हॉटेल होतं, आईच्या कमरेच्या पिशवीत पैसे होते, आणि आई दोन दिवस उपाशी बसली. बाईमाणसानं एकटीनं हॉटेलात जायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक होतं. भज्यांचा वास आला की ती उठून नळावर जाऊन पाणी पिऊन यायची. तिसऱ्या दिवशी मामा आले, तेव्हा ती चक्कर येऊन पडली होती.

"हाटेलवाल्यानं नको म्हटलं नव्हतं तिला," अक्का म्हणाल्या. "ती गेलीच न्हाय. दारातनं नुसती गडीमाणसं दिसत हुती, म्हणून. तितं एक बाई जरी बसलेली दिसली असती न्हवं, तर ती गेली असती."

मग मला त्यांचा समोर बसण्याचा हट्ट कळला. त्या स्वतः जेवायला बसत होत्याच, पण रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी दिसाव्यात म्हणूनही बसत होत्या.

हे कळल्यामुळंच मलकापूरच्या लढाईत मी त्यांना सोडून पळाले नाही. नाहीतर नक्की पळाले असते.

मलकापूरच्या पुढं रत्नागिरी रोडला एक खानावळ आहे. त्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर आमच्या बऱ्याच दूध संस्था, आणि बेसिनच्या परीक्षेत पास झालेलं तिकडचं ते एकच हॉटेल. मालक साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, गल्ल्यावर मांडी ठोकून बसलेले. माणूस वाईट अजिबात नव्हता. पण हट्टी. अक्का एक हट्टी, हे दुसरे.

"म्याडम, आत बसा की. फॅमिली रूम हाय."

"हितं जागा हाय की."

"तसं न्हवं ओ. हितं डायवर लोक बसत्यात. कोण काय बोलंल, कोण कसं बघंल. पावणं म्हणून आलाय, तुमाला काय झालं तर माझ्यावर येतंय."

"मग त्यास्नी बसवा की आत."

वेटर तोंडावर फडकं धरून आत पळाला. डायवर लोकांना पडद्यामागं बसवायची कल्पना मालकांना पेलली नाही. "न्हाय म्याडम. आमच्यात ती पद्धत न्हाय," म्हणाले.

फॅमिली रूममधे मी डोकावून आले. कांद्याची पोती होती.

अक्कांनी वाद घातला नाही. दाराशेजारी पाण्याचा जग ठेवायला फळी होती, तिच्यावर ताट ठेवायला सांगितलं आणि उभ्यानं जेवल्या. सावकाश, रोजच्यासारखं, एक शीत न टाकता. मलाही उभं राहावं लागलं. एका हातात ताट, ताटात रश्श्याची वाटी, दुसऱ्या हातानं भाकरी मोडायची. तांबडा रस्सा उभ्यानं प्यायला लावणारी जगात ही एकच बाई असेल. माझ्या पांढऱ्या ओढणीवर पडलेला डाग शेवटपर्यंत गेला नाही. एक डायवर तर लाजून उठला आणि आपली खुर्ची पुढं केली. अक्का म्हणाल्या, "तुमी जेवा, दादा. द्यायची तर ती मालकांनी द्यायची."

मालकांचा चेहरा बघवत नव्हता. आमच्याकडं पाहुणा दारात उभा राहून जेवला तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. पण खुर्ची काही त्यांनी दिली नाही.

पुढच्या वर्षी गेलो तर त्यांनी फॅमिली रूम दुरुस्त केली होती. पोती हलवली, नवा पडदा, टेबलावर फुलाफुलांचा प्लास्टिकचा कपडा, पंखासुद्धा फिरत होता. मालकांनी स्वतः उतरून दाखवली. अक्का आत गेल्या, पडद्याला हात लावून बघितला, म्हणाल्या, "झ्याक केलंय." आणि बाहेर येऊन फळीजवळ उभ्या राहिल्या. त्या दौऱ्यात आम्ही तीन दिवस तिथं उभ्यानं जेवलो. माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मी म्हटलं, अक्का, एखाद दिवस आत बसू, कोण बघतंय? "तेच तर म्हणतो मी," त्या म्हणाल्या. "आत बसलं तर कोण बघतंय?"

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र आम्ही एसटीतून उतरलो आणि मालक पायरीवर येऊन उभे. दारासमोरचं, अगदी पहिलं टेबल पुसून ठेवलेलं, खुर्चीवर टॉवेल टाकलेला.

"या सायेब, या. बसा. वळखलं नव्हतं ओ मी तुमास्नी. काल सोसायटीचा सेक्रेटरी बोलला, तवा कळलं. एवढ्या मोठ्या हापिसर, आणि आमी उभं केलं."

मला वाटलं, संपलं एकदाचं. मी खुर्ची ओढली. अक्कांनी माझ्या कोपराला धरून मला उठवलं.

"म्हंजे ही खुर्ची हापिसरला हाय," त्या मालकांना म्हणाल्या. "बाईला न्हाय."

"आता हे काय काढलं, सायेब?"

"वरसाभरानं मी रिटायर हुतोय. मग आलो तर परत कांद्यांकडंच की."

आणि गेल्या फळीजवळ. मी मनातल्या मनात त्यांना जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या घातल्या. मालक हात पसरून हॉलच्या मधे उभे, पुसलेलं टेबल रिकामं, आणि जेवणारे सगळे घास हातात धरून आमच्याकडं बघतायत.

तेवढ्यात पायरीशी दोन बायका येऊन थांबल्या. एक म्हातारी, नऊवारी लुगड्यातली, दुसरी तिची सून असावी, काखेत तापानं मलूल झालेलं पोर. तालुक्याच्या दवाखान्यातून आल्या होत्या, औषधाची पिशवी हातात होती. म्हातारी आत बघत होती, पण पाय पुढं टाकत नव्हती. शेवटी म्हणाली, "मालक, दोन भाकऱ्या मिळतील का? आमी हितं पायरीवरच बसतो."

मालकांचा हात सवयीनं फॅमिली रूमकडं उठला. आणि अर्ध्यात थांबला.

मी अक्कांकडं बघितलं. हिशेब तपासताना किंवा भांडताना त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. त्या बोलल्या तेव्हा आवाज इतका खाली होता की ह्याच का त्या, असं वाटावं.

"मालक, पयलं टेबल मोकळं हाय."

मालकांनी टेबलाकडं बघितलं. हॉलमधल्या गड्यांकडं बघितलं. खुर्चीवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि पायरीपर्यंत गेले.

"या मावशी. आत या. हितं बसा."

"आत गडीमाणसं हाईत न्हवं?"

"असू द्यात की. ती बी जेवायलाच आल्यात."

म्हातारी बसली. सून बसली. मग अक्का फळीवरचं आपलं ताट उचलून त्यांच्या टेबलावर येऊन बसल्या, आणि पोराला मांडीवर घेऊन सुनेला म्हणाल्या, "तू आदी जेव." त्या हॉलमधे कुणी वाकडं बोललं नाही, कुणी वाकडं बघितलं नाही. सगळे आपापल्या ताटाला लागले. मला बसायला चौथी खुर्ची मालकांनी स्वतः आणली.

परत येताना एसटीत अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. मला इतका अभिमान वाटत होता की शेजारच्या बाईला, कंडक्टरला, कुणाला तरी सांगावं, ही माझी अक्का आहे म्हणून. मी लग्न करून, बढती घेऊन, माझ्या हाताखाली पोरी घेऊन आज फिरते. सोसायटीचं मटण मीही खात नाही, आणि हॉटेलात समोर बसते. माझ्याकडं जे काही ताठ आहे, ते त्या फळीजवळ उभं राहून आलंय.

अक्का रिटायर झाल्या. गेल्या हिवाळ्यात एकदा फोन आला, "तंगी, कामाबिमाचं काय न्हाय. मलकापूरला जेवायला जाऊन यायचं काय?" मी रजा टाकली. एसटीनं गेलो. ना हातात दप्तर, ना कुणाला कळवलेलं.

हॉल भरला होता. डायवर होते, बाजार करून आलेली जोडपी होती, आणि दारासमोरच्या पहिल्या टेबलावर कॉलेजच्या चार पोरी, बॅगा खाली टाकून, कोपरं टेबलावर टेकून, मोठमोठ्यानं हसत जेवत होत्या. मागची प्लायवूडची भिंतच काढून टाकली होती. तिथंही टेबलं लागली होती आणि तीही भरली होती.

मालकांनी आम्हाला बघितलं. ओळखलं. गल्ल्यावरून उतरले आणि अक्कांपुढं हात जोडले. त्यांना खरंच अवघडल्यासारखं झालं होतं.

"अक्का, आज मातूर खरंच जागा न्हाय ओ. थांबावं लागंल."

"थांबतो की," अक्का म्हणाल्या.

आम्ही दारात उभ्या राहिलो. बराच वेळ झाला. मला भूक लागली की माझा स्वभाव बिघडतो. मी अक्कांच्या कानात म्हटलं, "त्या पोरींना सांगू का, तुम्ही कोण आहात ते? उठतील लगेच."

"गप ऱ्हा. मी कोण हाय ते कळून काय करायचंय त्यास्नी?"

आणि त्या बघत राहिल्या. एक पोरगी पाठीला टेकून बोटं चाटत होती. दुसरीनं वेटरला हाक मारून अजून रस्सा मागवला. तिसरीचं लक्ष आमच्याकडं गेलं. दोन बायका केव्हापासून उभ्या आहेत, असं तिला वाटलं असावं.

"काकू," ती म्हणाली, "आमाला अजून लई येळ हाय हं."

"हुं दे की, बाळा," अक्का म्हणाल्या. "हुं दे."